मुखपृष्ठावरची घुगरी

बालविवाहाच्या विरोधात लिहिलेल्या एका पुस्तकाने माझं लग्न लावून दिलं तेव्हा मी आठवीत होते. नवरा कोण, वऱ्हाड कुठून आलं, पंगतीला काय होतं, यातलं काहीच त्या पुस्तकात नव्हतं. पण लग्न मात्र पक्कं होतं, कारण ते मुखपृष्ठावर रंगीत छापलेलं होतं. हे प्रकरण मी लिहिणार नव्हते. झालं गेलं, म्हातारपणी ते उगाळत कशाला बसायचं, असं म्हणून मी ते बाजूला ठेवलं होतं. पण मध्यंतरी माझी नात शाळेतून तेच पुस्तक घेऊन आली. तिच्या शाळेत 'विविधता सप्ताह' चालू होता. सोमवारी दिव्यांग, मंगळवारी आदिवासी, बुधवारी मुली, आणि शनिवारी अर्धा दिवस असतो म्हणून पर्यावरण. पुस्तकाची नवी आवृत्ती होती, कागद गुळगुळीत, कोपऱ्यात कसल्या तरी पुरस्काराचा सोनेरी बिल्ला. "आजी, ही ट्रायबल मुलगी किती क्यूट आहे ना!" नात म्हणाली. मी चष्मा लावून पाहिलं. ती मी होते.

आमचा तांडा ढाणकीपासून बराच आत, जंगलाच्या कडेला. पावसाळ्यात नाला भरला की आमचा जगाशी संबंध तुटायचा. 'तांडा' म्हटलं की शहरातल्या माणसांच्या डोळ्यांपुढे तंबू, बैल आणि शेकोटीभोवती नाचणाऱ्या बाया उभ्या राहतात. आमच्याकडे विटांची घरं होती, वर कवेलू होते आणि सात-बाऱ्यावर नावं होती. दिवाळीनंतर पुढची खोली कापसाने भरायची, अगदी आढ्यापर्यंत. आम्ही पोरं त्या कापसावर झोपायचो. अंगाला खाज सुटायची, नाकात तंतू जायचे, सकाळी आई केसांतून सरकी वेचून काढायची आणि वेचता वेचता आमच्या सात पिढ्यांना शिव्या द्यायची, म्हणजे स्वतःच्याच सासरला. आईला आम्ही याडी म्हणायचो आणि वडिलांना बा. घरात आमची बंजाऱ्यांची गोर बोली चालायची. ती इथे लिहिली तर वाचणाऱ्याची पंचाईत होईल, म्हणून आमची बोलणी मी आमच्या भागाच्या वऱ्हाडीत लिहिते आहे.

याडी चुलीपाशी ज्वारीची भाकर थापायची तेव्हा दोन आवाज एकदम यायचे. एक थापण्याचा आणि दुसरा तिच्या घुगरीचा. घुगरी म्हणजे कानांच्या वर केसांत अडकवलेले आणि गालांवर लोंबणारे चांदीचे झुबके, त्यांना बारीक घुंगरं. आमच्यात घुगरी घालायची ती लग्न झालेल्या बाईनेच. मंगळसूत्राचं इतरांकडे जे स्थान, ते आमच्याकडे घुगरीचं. याडी घरात कुठे आहे हे मला डोळे मिटून कळायचं. गोठ्यात वाकली की आवाज वेगळा, पाणी शेंदताना वेगळा, रागावून मान झटकली की वेगळा. एकदा तिने डोकं धुवायला काढून ठेवलेली घुगरी मी केसांना लावून आरशात पाहिली, तर माझ्यावर कधीही हात न उगारणाऱ्या माझ्या आईने माझ्या हातावर सणसणीत चापट मारली. "खेळाची चीज हाय का ते?" एवढंच म्हणाली. मग मला अंबाडीची भाजी आणि वर कच्चं तेल घालून गरम भाकर वाढली, आणि विषय संपला.

बा दारू पीत नव्हता. तांड्यात पिणारे होते, खोटं कशाला बोलू. गावात होते तसे आणि पुण्यात असतील तसे. बाला नाद होता चहाचा, आणि दुसरा नाद माझ्याकडून वाचून घ्यायचा. त्याला अक्षर येत नव्हतं. ढाणकीच्या बाजारातून तो भजी आणायचा, आम्ही ती खायचो, आणि मग तो भज्यांचा तेलकट कागद मांडीवर पसरून, हाताने सरळ करून म्हणायचा, "वाच." त्यावर काहीही असायचं. हरवलेल्या म्हशीची जाहिरात, कुठल्या तरी पुढाऱ्याचं भाषण, अर्ध्यात फाटलेली खुनाची बातमी. तो मान खाली घालून ऐकायचा. मी एखादा शब्द गाळला की त्याला बरोबर कळायचं. "मधात काही तरी सोडलं तुनं," असं म्हणायचा. मी पुन्हा वाचायचे. मला ढाणकीच्या शाळेत आणि तिथल्या वसतिगृहात त्यानेच घातलं. तांड्यातल्या मुलींत मी पहिलीच, आणि त्याबद्दल त्याने बरंच ऐकून घेतलं होतं. माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन तो नाला ओलांडायचा, मी त्याच्या मागे चपला हातात घेऊन.

शाळेत पुस्तकांचं एक लोखंडी कपाट होतं. ते तपासणीच्या दिवशी उघडायचे, एरवी शिपाईबाईंना पटवलं तर. त्यातली सगळी गोष्टीची पुस्तकं मी वाचली. त्या पुस्तकांतल्या मुलांना दिवाणखाना असायचा. त्यांचे वडील संध्याकाळी कचेरीतून यायचे, आई बशीत पोहे द्यायची, आणि मे महिन्यात ही मुलं खेड्यात जायची ती आंबे खायला आणि तिथल्या लोकांना शहाणं करायला. खेड्यातला मुलगा असलाच तर तो झाडावर चढून दाखवायला असायचा. आमच्यासारखी माणसं क्वचित दिसायची, म्हणजे जडीबुटी विकणारी बाई, मुलं पळवणारी टोळी, नाहीतर राजवाड्यात आरशांचा घागरा घालून नाचणारी कोणीतरी. खरं सांगते, मला त्याचं काही वाटलं नाही. पुस्तकं ही त्यांचीच गोष्ट आहे, आपण ती वाचायची, असं मी धरून चालले होते. आपण पुस्तकात नाही याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. वाईट वाटायला लागलं ते पुस्तकात आल्यावर.

श्रावणात तिजेसाठी मी घरी आले होते. तीज हा आमच्याकडे लग्न न झालेल्या मुलींचा सण. टोपल्यांमध्ये माती-खत घालून मुली गहू पेरतात, रोज गाणी म्हणत त्याला पाणी घालतात, आणि चांगलं हातभर हिरवं उगवून आलं की शेवटच्या दिवशी ते उपटतात. उपटलेली रोपं भावांच्या, वडीलधाऱ्यांच्या पागोट्यात खोवायची आणि बाकीची नाल्यात सोडायची. सोडताना मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. रडायचंच असतं. इतके दिवस सांभाळलेली तीज चालली, पुढच्या वर्षी यातली कोण माहेरी असेल, कोण नसेल. रडून झालं की सगळ्या हसत घरी येतात आणि गोड खातात. रडण्याची चढाओढ असायची, आणि मी त्यात नावाजलेली होते.

नेमकी त्याच दिवसांत तांड्यात जीप आली. जीपमधून एक बाई उतरल्या, सुती साडी, डोळ्यांवर मोठा चष्मा, गळ्यात कॅमेरा, केस कापलेले. पुण्याच्या होत्या, मुलांसाठी पुस्तकं लिहीत होत्या. हे आम्हाला नंतर कळलं. जीप, कॅमेरा आणि प्रश्न विचारणारी बाई म्हणजे सरकार, हा आमचा हिशेब. तांड्याचा रस्ता मंजूर व्हायचा होता, आणि आमच्या नायकाने, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाने, ठरवून टाकलं की मॅडम रस्त्याच्या तपासणीवर आल्या आहेत. त्या म्हणत होत्या, "मी लेखिका आहे हो." नायक हात जोडून म्हणत होता, "हो मॅडम, लिहा तुमी. बराबर लिहा. पावसाळ्यात पोट्ट्यायले शाळेत जाता येत नाही, हे बी लिहा."

बाई आमच्याच घरी उतरल्या, कारण आमच्या घरी तेव्हा पुढची खोली रिकामी होती. याडीने त्यांना साळीचा भात घातला, जो आम्ही सणालाच खायचो. तूप घातलं. कोंबडी कापली, बाई म्हणाल्या मी खात नाही, मग ती आम्ही खाल्ली आणि त्यांच्यासाठी कढी-गोळे केले. आम्हा मुलींना त्या म्हणाल्या, "मला मॅडम नाही म्हणायचं हं. मावशी म्हणायचं." त्या प्रत्येक वस्तूवरून हात फिरवायच्या आणि "किती ऑथेंटिक!" म्हणायच्या. सगळ्यात जास्त हात फिरवला याडीच्या घुगरीवरून. याडीला ते आवडलं नाही, पण रस्त्यासाठी तिने मान स्थिर ठेवली.

तीज सोडायच्या दिवशी बाई नाल्यावर आल्या. आम्ही रडलो. बाईंच्या कॅमेऱ्यात काही तरी अडकलं, फोटो निघालेच नाहीत. त्यांचा चेहरा इतका पडला की नायकाला रस्ता हातचा गेल्यासारखं वाटलं.

"पोरीहो, पुन्हा रडा," नायक म्हणाला.

"आता? तीज तं गेली वाहून," कोणीतरी म्हणालं.

"गेली तं गेली. मॅडमसाठी रडा. अन् मनापासून रडा, रस्त्याचं काम हाय."

आम्ही रिकाम्या टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि पुन्हा रडलो. असं रडलो की शेजारच्या तांड्यातली माणसं कोण गेलं म्हणून विचारायला आली. मी सगळ्यांत वरचढ होते. बाईंनी माझेच फोटो जास्त काढले, आणि जाताना माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "तुझं दुःख मी जगापुढे मांडीन." मला कसलं दुःख होतं ते मला समजलं नाही, पण रस्ता येणार या आनंदात मी मान डोलावली.

रस्ता आला नाही. पुस्तक आलं. शाळेत पार्सल उघडलं आणि हेडसरांनी प्रार्थनेच्या वेळी ते हातात धरून उंच केलं. "आपल्या शाळेची विद्यार्थिनी पुस्तकावर झळकली आहे," ते म्हणाले, आणि आवाज भरून आल्यासारखं करून थोडं थांबले. मी रांगेत उभी होते. मुखपृष्ठावर माझ्या फोटोवरून काढलेल्या चित्रात मी रडत होते, डोळ्यांतून लिंबाएवढाले थेंब पडत होते, मागे तंबू आणि बैलगाडी. आणि माझ्या दोन्ही गालांवर, केसांतून लोंबणारी, चांदीचा रंग मुद्दाम चमकवलेली घुगरी.

माझ्या हातावर पुन्हा चापट बसल्यासारखं वाटलं. आतली गोष्ट मी मधल्या सुटीत वाचून काढली. तिच्यात एक 'आदिवासी' मुलगी होती, जी पुढच्या पानावर 'भटकी' झाली. तिचा बाप दारुडा, बैलजोडीच्या बदल्यात तो तिला म्हाताऱ्याला देणार. तिची आई अडाणी, सारखी देवाला नवस बोलणारी. गव्हाच्या टोपल्या म्हणजे लग्नाचे विधी, आणि नाल्यावरचं रडणं म्हणजे उद्या लग्न होणार म्हणून फोडलेला टाहो. मग पुण्याहून सुट्टीत आलेला नील नावाचा मुलगा बॅटरीच्या उजेडात तिला सोडवतो आणि शाळेत घालतो, कारण त्याला शाळेत समाजसेवेचा प्रकल्प असतो. शेवटच्या पानावर मुलगी नीलच्या आईचे पाय धरते आणि म्हणते, "मावशी, तुम्ही आला नसतात तर माझं काय झालं असतं?" इथे पुस्तक संपतं. साळीचा भात, तूप आणि कढी-गोळे कुठेच नव्हते. खाल्लेलं मात्र जिरलं होतं.

हल्ली ही तक्रार केली की मला सांगतात, तो काळ वेगळा होता, आता सगळं बदललंय. मी पाहते ना बदललेलं. हल्लीच्या पुस्तकांवर पाच मुलं हातात हात घालून बागेत उभी असतात. एक चाकाच्या खुर्चीत, एकाच्या डोक्यावर गोल टोपी, एक सावळी, एकीच्या केसांत मोरपीस आणि एक चष्मेवाला, जो गोष्ट सांगतो. कथा त्या चष्मेवाल्याचीच असते. बाकीचे चौघं त्याला शेवटी 'आपण सगळे सारखेच' हे कळावं म्हणून घरून डबा घेऊन आलेले असतात. या मुलांचं आपसांत कधी भांडणसुद्धा होत नाही. लेखक मंडळी चर्चासत्रात म्हणतात, 'आम्ही वंचितांना आवाज दिला.' जसा काही आमचा आवाज आम्ही कुठे विसरून आलो होतो, आणि यांना तो एसटीच्या सीटखाली सापडला.

पण मी त्या दिवसांकडे येते. पुस्तक तांड्यात पोचायला वेळ लागला नाही. हेडसरांनीच मोठ्या हौसेने बाजाराच्या दिवशी आमच्या नायकाच्या हाती एक प्रत दिली. तांड्यात ते कोणी वाचलं नाही, वाचायची गरजच नव्हती. चित्र सगळ्यांना वाचता येत होतं. मुलगी ओळखीची आणि केसांत घुगरी. बातमी एका तांड्यातून दुसऱ्या तांड्यात गेली आणि जाताना वाढत गेली. कोणी म्हणालं, शहरात तिने परस्पर लग्न केलं. कोणी म्हणालं, बापानेच गुपचूप दिली आणि तांड्याला जेवण बुडवलं. नायक अडचणीत सापडला, कारण त्याच्या तांड्यात त्याला न विचारता लग्न लागलं, ही त्याची बेअब्रू. त्याने ठरवून टाकलं: पोरगी वापस आणायची, घरात ठेवायची, म्हणजे चार लोकांना दिसेल की तिच्या केसांत काही नाही. आणि यापुढे तांड्यातली एकही पोरगी बाहेर शिकायला जाणार नाही. पुस्तकातल्या नीलने मला शाळेत घातलं होतं. पुस्तकाने मला शाळेतून काढलं.

बा वसतिगृहात आला तो रविवारी. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसलो. त्याने भजी आणली होती, पण कागद सरळ करून पुढे केला नाही.

"तुही याडी जेवून नाही राह्यली," तो म्हणाला. "म्हणते, पोरीच्या केसात घुगरी घातली कोणी, अन् मले विचारलंही नाही."

"मी घातलीच नाही बा. चित्र काढणाऱ्यानं घातली."

"मले मालूम हाय. मी काय येडा हाव का?" मग विचारलं, "पुस्तकात मी काय करतो?"

मी सांगितलं नाही. तो म्हणाला, "मधात काही तरी सोडून राह्यली तू."

मग मी सांगितलं, दारू, बैलजोडी, म्हातारा, सगळं. त्याने ऐकून घेतलं. भज्याचा एक तुकडा हातात होता तो त्याने परत कागदात ठेवला. "बैल तं आपल्याकडे हायेच," एवढंच म्हणाला. मग म्हणाला की शाळेचा कार्यक्रम झाला की तो मला न्यायला येईल. नायकाला त्याने शब्द दिला होता. शब्द देताना त्याला किती जड गेलं असेल हे त्याच्या पाठीवरून दिसत होतं, कारण जाताना त्याने मागे वळून पाहिलं नाही.

कार्यक्रम म्हणजे लेखिकाबाईंचा सत्कार. हेडसर आठवडाभर पायाला भिंगरी लावल्यासारखे फिरत होते. पुस्तकाचा शेवटचा प्रसंग स्टेजवर करून दाखवायचा ठरला होता. मुलगी मीच, आणि मावशी म्हणून खुद्द लेखिकाबाई खुर्चीत बसणार. मी पाय धरायचे आणि ते शेवटचं वाक्य म्हणायचं. वाक्य म्हटलं की पीटीचे सर हात वर करणार आणि सगळ्या शाळेने टाळ्या वाजवायच्या. त्याची रोज तालीम होत होती, माझ्या वाक्याची कमी आणि टाळ्यांची जास्त.

मी हेडसरांकडे गेले. म्हटलं, "सर, त्या चित्रामुळे माह्यं शाळेत येणं बंद होऊन राह्यलं. बाईंना सांगा ना, ती घुगरी चुकीची आहे म्हणून."

"चुकीची काय त्यात?" सर म्हणाले. "दागिनाच तर आहे. तुझी संस्कृती आहे ती, अभिमान बाळग. बरं झालं आठवण केली, येताना आईची खरी घेऊन ये. अन् घागराही आण. स्टेजवर रंगीत दिसलं पाहिजे."

माझ्या आईची घुगरी त्यांना स्टेजवर पाहिजे होती. ज्या वस्तूपायी मी शाळा सोडणार होते, तीच वस्तू घालून, मला शाळेत घातल्याबद्दल मी आभार मानायचे होते. या माणसाला मुलं 'गुरुवर्य' म्हणून वाकून नमस्कार करायची.

कार्यक्रमाच्या दिवशी मी गणवेशात गेले. निळा स्कर्ट, पांढरा शर्ट, दोन वेण्या, लाल रिबिनी. हेडसरांचा चेहरा काळवंडला, पण बाई शेजारीच उभ्या होत्या. बाईंनी मला पाहिलं आणि हात पसरले. "गणवेशात! बघा, हेच ते परिवर्तन! हे मला सुचलं नसतं." हेडसर लगेच म्हणाले, "आमचीच कल्पना होती, मॅडम."

स्टेजवर जायच्या आधी मी बाईंना गाठलं. म्हटलं, "मावशी, ती घुगरी आमच्यात लग्न झालेल्या बाया घालतात. चित्रात माह्या केसात आहे. लोक म्हणतात माह्यं लग्न झालं."

बाईंचे डोळे चमकले. "हो का? किती इंटरेस्टिंग! तुझ्या आईला इतकी शोभत होती ना, म्हणून मीच चित्रकाराला म्हटलं, मुलीलाही घाल. नुसतं कसं रिकामं रिकामं वाटत होतं." त्यांनी माझ्या रिबिनी सारख्या केल्या. "हे पुढच्या पुस्तकात घेईन हं मी."

आमच्यासारख्या माणसांचं सगळं यांच्या पुढच्या पुस्तकात असतं. या पुस्तकात कधीच नसतं.

मैदानात सतरंज्यांवर शाळा बसली होती. मागे, पाण्याच्या टाकीजवळ, बा उभा होता. माझी पेटी त्याने वसतिगृहातून आधीच काढून आणली होती आणि पायाशी ठेवली होती. कार्यक्रम संपला की बस धरायची. नील झालेल्या नववीतल्या मुलाने बॅटरी पेटवली, ती भर उन्हात कोणाला दिसली नाही. मला धरून त्याने बाईंच्या खुर्चीसमोर आणलं. कोणीतरी माइक माझ्या तोंडापुढे धरला. पीटीचे सर हात अर्धा वर करून तयार होते.

मी पाय धरले नाहीत. उभी राहिले आणि म्हटलं, "मावशी, तुम्ही आला नसतात तर..." आणि थांबले. मागे पाण्याच्या टाकीजवळ बाने मान खाली घातली, भज्यांचा कागद वाचताना घालायचा तशी. मग मी स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "तुम्ही आला नसतात, तर मी उद्या शाळेत आले असते."

पीटीच्या सरांचा हात वर गेला. टाळ्यांचा कडकडाट झाला. तालीम चांगली झाली होती. पहिल्या रांगेतले पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत होते, हेडसर दोन्ही हात डोक्यावर नेऊन वाजवत होते. बाईंनी मला छातीशी धरलं आणि त्यांच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. "किती मनापासून म्हणालीस गं," त्या माझ्या कानात म्हणाल्या. फोटो निघाला. त्या फोटोत मी हसत नाहीये, आणि नव्या आवृत्तीत तो फोटो 'लेखिकेसोबत कथेची नायिका' म्हणून शेवटच्या पानावर आहे. त्यांना तेव्हाही काही दिसलं नव्हतं आणि अजूनही दिसलेलं नाही. इतका मोठा चष्मा वापरून माणूस इतकं कमी कसं पाहू शकतो, याचं मला या वयातही नवल वाटतं.

स्टेजच्या मागून मी पाण्याच्या टाकीजवळ गेले. लोक अजून टाळ्या वाजवत होते, आता आभारप्रदर्शनासाठी. बाने पेटी डोक्यावर घेतली होती. आम्ही फाटकाबाहेर आलो. डावीकडे बसस्टँड, उजवीकडे वसतिगृह. तो थांबला.

"तू जे बोलली, ते पुस्तकात होतं?"

"नाही."

"मंग टाळ्या कायले वाजवल्या त्यायनं?"

"त्यांना तसं सांगितलं होतं, बा."

डोक्यावरची पेटी त्याने एका हाताने सावरली.

"मंजे त्यायले ऐकूच नाही आलं," तो म्हणाला. "मले आलं."

आणि तो उजवीकडे वळला. मी म्हटलं, "बा, नायक? तू शब्द दिला ना?"

"नायकाले मी पायतो," पुढे चालता चालता तो म्हणाला. "तुह्या याडीलेही पायतो. तू चाल, पेटी जड हाय."